दुर्लक्षित पीक लावून बघायचंय? आधी ते मागे का पडलं ते शोधा

दुर्लक्षित पिकांवरचा कुठलाही लेख उघडा, गोष्ट साधारण सारखीच असते. प्रोटीन भरपूर, पाणी कमी लागतं, कुठल्याही जमिनीत येतं, आणि तरी कोणी लावत नाही म्हणून मग शेवटी हळहळ. मला ही हळहळ पटत नाही. शेतकरी काही डोळे मिटून पिकं सोडत नाहीत, एखादं पीक मागे पडलं असेल तर बहुतेक वेळा त्यामागे काहीतरी ठोस अडचण असते, आणि ती अडचण आजही तशीच आहे की मधल्या काळात सुटली आहे, हे कळलं की अर्धं काम झालं. खालचं सगळं त्याच हिशोबाने लिहिलंय, तुमच्याकडे दहा वाफे असोत की दहा हेक्टर.

एक आकडा मात्र लक्षात ठेवण्यासारखा आहे. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न आणि कृषी संघटनेच्या (एफएओ) 2019 च्या अहवालानुसार माणसाने खाण्यासाठी म्हणून लावलेल्या वनस्पती साधारण 6000, त्यातल्या 200 पेक्षाही कमी जातींचा जगाच्या अन्नात लक्षात येईल एवढा वाटा आहे, आणि एकूण पीक उत्पादनाचा जवळपास दोन तृतीयांश भाग फक्त 9 पिकांचा. म्हणजे निवडायला वाव प्रचंड आहे, फसायलाही तेवढाच.

पहिली पायरी : कशासाठी लावताय ते एका ओळीत लिहा

घरी खायला, विकायला, जनावरांना, की जमीन सुधारायला. चारही उत्तरं एकदम देऊ नका. घरच्यासाठी लावलं तर साफसफाईला लागणारा वेळ चालून जातो, विकायचं असेल तर तोच वेळ तुम्हाला बुडवतो. आणि हिरवळीच्या खतासाठी लावताय तर दाणा कडू असला काय नि गोड असला काय, कोणाला फरक पडतो.

दुसरी पायरी : मागे पडण्याचं कारण शोधा (इथे घाई करू नका)

कारणांचे ठरलेले काही प्रकार आहेत. तुम्ही निवडलेलं पीक यातल्या एक-दोन प्रकारांत बसतंच बसतं.

सगळ्यात नेहमीचं म्हणजे विष किंवा कडूपणा. लाख डाळीचंच बघा, दुष्काळात बाकी सगळं जळून गेलं तरी हे पीक उभं राहतं, पण तिच्या दाण्यात ओडॅप नावाचं द्रव्य असतं आणि महिनोन्महिने मुख्य अन्न म्हणून तीच खाल्ली तर पाय कायमचे लुळे पडू शकतात. म्हणून लाखेचं कमी ओडॅपचं वाण मिळणं हीच पहिली अट, उत्पादन वगैरे नंतर. क्विनोआच्या दाण्यावर सॅपोनिनचा कडू थर असतो, दक्षिण अमेरिकेतल्या अँडीज पर्वतातल्या तारवी नावाच्या ल्युपिनमध्ये (हे एक कडधान्य) अल्कलॉइड नावाची कडू द्रव्यं असतात. पण ही अडचण सुटूही शकते. मोहरीच्या कुळातलं रेपसीड घ्या, त्याच्या तेलात इरुसिक आम्ल आणि पेंडीत ग्लुकोसिनोलेट ही नकोशी द्रव्यं, म्हणून खाण्यासाठी फारसं कोणी विचारत नव्हतं. कॅनडात पैदासकारांनी दोन्ही कमी केली, 1974 मध्ये टॉवर नावाचं वाण आलं, आणि आज कॅनोला, म्हणजे याच सुधारलेल्या रेपसीडचं तेल, जगातल्या मोठ्या खाद्यतेलांपैकी एक आहे. म्हणजे झाड ओळखीचंच होतं, फक्त अडचण काढून टाकली.

दुसरं कारण, मळणीनंतरची मेहनत. पश्चिम आफ्रिकेतलं फोनिओ हे धान्य, काही वाणं दीड-दोन महिन्यांत तयार होतात, हलक्या जमिनीतही येतात, चव चांगली. पण दाणा इतका बारीक की एका ग्रॅममध्ये दीड-दोन हजार बसतात आणि प्रत्येकाला घट्ट टरफल. हे टरफल बायकांनी उखळात तासन् तास कांडून काढायचं, मग वाळू-माती जाण्यासाठी धुवून घ्यायचं. सेनेगलच्या सानुसी डियाकिते यांनी फोनिओचं टरफल काढायचं यंत्र बनवलं, त्याला 1996 मध्ये रोलेक्स पुरस्कारही मिळाला. फोनिओ लावायचा विचार असेल तर तुमचा पहिला प्रश्न जमिनीचा नाहीच, असं यंत्र तुमच्या आवाक्यात आहे का हा आहे.

तिसरं कारण दिवसाची लांबी. ही गोष्ट लोक हमखास विसरतात आणि इथेच बरीच पिकं आपटतात.

1975 मध्ये अमेरिकेच्या नॅशनल अकॅडमी ऑफ सायन्सेसने 36 दुर्लक्षित उष्णकटिबंधीय वनस्पतींची यादी काढली होती, त्यात चौधारी घेवडा होता आणि पुढची काही वर्षं त्याचा नुसता गाजावाजा झाला. शेंग, पानं, फुलं, दाणे, कंद, सगळं खाता येतं, दाण्यात सोयाबीनच्या तोडीचं प्रोटीन आणि तेल. कागदावर याच्यापेक्षा भारी पीक सापडायचं नाही. मग झालं काय? बहुतेक वाणांना फुलं यायला छोटे दिवस लागतात, त्यामुळे विषुववृत्तापासून लांब गेलं की नुसता वेल वाढत राहतो. वेलाला मांडव किंवा काठ्या लागतात, म्हणजे सोयाबीनसारखं मशीनने कापता येत नाही. शेंगा एकदम पिकत नाहीत. वाळलेला दाणा टणक, नीट भिजवून शिजवल्याशिवाय पचत नाही कारण त्यात पचन अडवणारी द्रव्यं असतात. म्हणून तो सोयाबीनची जागा घेऊ शकला नाही. परसातली भाजी म्हणून मात्र तो आजही उत्तम आहे, चूक पिकाची नव्हती, त्याच्याकडून भलतीच अपेक्षा केली गेली.

त्याच यादीत जोजोबाही होता, पण तो आपटला वेगळ्या कारणाने. स्पर्म व्हेल या देवमाशाच्या तेलावर अमेरिकेत बंदी आल्यावर तसंच तेल देणारं झुडूप म्हणून लोकांनी धडाधड लागवडी केल्या, त्याही रानातल्या निवड न केलेल्या बियांपासून. जोजोबात नर आणि मादी झाडं वेगळी असतात आणि फुलं येईपर्यंत कुठलं कोण ते कळत नाही, तीन-चार वर्षं सांभाळल्यावर समजतं की निम्मी झाडं फळच देणार नाहीत, आणि मादी झाडांतही प्रत्येकाचं उत्पादन वेगळं. बऱ्याच लागवडी सोडून द्याव्या लागल्या. नंतर इस्रायलमध्ये निवडक मादी झाडांची छाट कलमं लावून नीट शेती उभी राहिली. तेव्हा कायम टिकणारं झाड किंवा झुडूप निवडत असाल तर नर-मादी वेगळे आहेत का, आणि निवडक झाडाची रोपं मिळतात का, हे आधी विचारा.

शेवटचं कारण माणसांचं. गरिबांचं खाणं, दुष्काळातलं खाणं, जनावरांचं खाणं असा शिक्का एकदा बसला की चांगलं पीकसुद्धा मागे पडतं, आणि सरकारी खरेदी, विमा, संशोधन, सगळं मोठ्या पिकांकडे गेलं की छोट्याला कोणी वाली राहत नाही. नवख्यासाठी हे कारण त्यातल्या त्यात बरं, कारण यात पिकात खोट नसते.

तिसरी पायरी : पोषणाचे तक्ते चष्मा लावून वाचा

शेवग्याच्या पानांबद्दलचे दावे आठवा, संत्र्याच्या अमुक पट व्हिटॅमिन सी, दुधाच्या तमुक पट कॅल्शियम. बऱ्याचदा एका बाजूला वाळवलेली पावडर असते आणि दुसऱ्या बाजूला पाण्याने भरलेला ताजा पदार्थ. पावडर माणूस खाणार चमचाभर, संत्रं खाणार अख्खं. शिवाय व्हिटॅमिन सी वाळवताना बरंचसं उडून जातं. म्हणून तीन गोष्टी बघायच्या : आकडा ओल्या वजनाचा की कोरड्या, कच्च्याचा की शिजवलेल्याचा, आणि एका वेळी खरंच किती खाल्लं जाणार. शेवगा वाईट नाही हो, तक्ता वाईट असतो.

चौथी पायरी : हवामान जुळवा, आणि तण होणार नाही ना ते बघा

पीक मूळ जिथलं आहे तिथलं अक्षांश, उंची, पावसाचे महिने आणि फुलोऱ्याच्या वेळचं तापमान लिहून काढा, शेजारी तुमच्याकडचं लिहा. क्विनोआला थंडी चालते, खारट जमीनही चालते, पण फुलोऱ्यात पारा 35 अंशांच्या वर गेला की दाणे भरायला त्रास होतो, म्हणजे पेरणीची तारीख त्या हिशोबाने मागेपुढे करावी लागते. अँडीजमधला ओका नावाचा कंद दिवस लहान होऊ लागल्यावरच पोसायला लागतो, त्यामुळे लवकर हिमतुषार पडणाऱ्या भागात पाला हिरवागार आणि खाली बोटभर कंद. आफ्रिकेतल्या बांबारा भुईमुगाच्या बऱ्याच वाणांत शेंग भरण्यावर दिवसाच्या लांबीचा परिणाम होतो.

आणि सुबाभूळ विसरू नका. सत्तरच्या दशकात चारा, जळण, खत सगळं देणारं चमत्कारी झाड म्हणून जगभर लावलं. ऐंशीच्या दशकात सिलिड नावाच्या छोट्या रसशोषक किडीने पॅसिफिकपासून आशियापर्यंत त्याची दाणादाण उडवली, कारण बऱ्याच ठिकाणी लागवड अगदी मोजक्या वाणांचीच होती. आणि जिथे तगलं तिथे अनेक ठिकाणी तण झालं, आज ते जगातल्या सगळ्यात त्रासदायक 100 परकीय प्रजातींच्या यादीत आहे. कमी पाण्यात येतं, भरपूर बी देतं, जनावरं संपवू शकत नाहीत, हे सगळे गुण तणाचेही असतात. तुमच्या देशाच्या आक्रमक वनस्पतींच्या यादीत नाव नाही ना, हे बघितल्याशिवाय बाहेरचं बी आणू नका.

पाचवी पायरी : बियाणं मिळवा, एकाच वाणावर थांबू नका

किराणा दुकानातलं खायचं धान्य पेरून चाचणी करू नका, ते कुठल्या वाणाचं, किती जुनं, काही कळत नाही, क्विनोआ तर बऱ्याचदा वरचा थर घासून काढलेला असतो. नाव सांगताना कायम वनस्पतिशास्त्रीय नाव वापरा, बोलीतली नावं गावागणिक बदलतात. बियाण्याचे मुख्य मार्ग दोन, जिथे ते पीक अजून लावतात तिथले शेतकरी, आणि जनुक पेढ्या, म्हणजे पिकांच्या बियाण्याचे नमुने जपून ठेवणाऱ्या संस्था. हैदराबादजवळच्या इक्रिसॅट या संशोधन संस्थेकडे लघु भरडधान्यांचे नमुने आहेत, नायजेरियातल्या आयआयटीएकडे बांबारा भुईमूग, पेरूमधल्या सीआयपीकडे ओका-उलुकोसारखे कंद, तैवानमधल्या वर्ल्ड व्हेजिटेबल सेंटरकडे राजगिऱ्यासह भरपूर पालेभाज्या. जेनेसिस नावाच्या ऑनलाईन पोर्टलवर बऱ्याच पेढ्यांचे कॅटलॉग एकत्र शोधता येतात. पेढी देते ते बी मूठभरच असतं आणि सोबत करारावर सही लागते, पहिला हंगाम नुसतं बी वाढवण्यात जाणार हे धरूनच चला.

कायद्याचं थोडक्यात : दुसऱ्या देशातून बी पाकिटातून मागवायचं नाही, वनस्पती क्वारंटाईनची परवानगी लागते. नागोया प्रोटोकॉल हा आंतरराष्ट्रीय करार 2010 मध्ये मंजूर झाला आणि 2014 पासून लागू आहे, त्यानुसार दुसऱ्या देशाची जैविक संपत्ती वापरून कमाई करायची तर परवानगी आणि फायद्यातली वाटणी आली. तुम्ही घरच्या वाफ्यात लावताय तोवर याची झळ लागत नाही, धंदा काढायचा ठरलं की वकील गाठा.

किमान चार-पाच वेगळी वाणं घ्या. दुर्लक्षित पिकांत वाणावाणांत एवढा फरक असतो की एक वाण लावून पिकाबद्दल मत बनवणं म्हणजे शुद्ध जुगार.

सहावी पायरी : उगवण तपासा

100 बिया मोजा, 25-25 चे चार भाग करा, ओल्या कागदात किंवा फडक्यात गुंडाळून सावलीत ठेवा, कागद वाळू द्यायचा नाही. रोज बघा आणि मोड आलेले मोजून बाजूला काढा. चारही भागांचे आकडे जवळपास सारखे आले तर भरवसा ठेवा, एकात 20 आणि दुसऱ्यात 6 असं आलं तर काहीतरी गडबड आहे, परत करा.

शेंगवर्गीय बियांत एक गंमत होते, काही बिया पाण्यात दोन दिवस ठेवल्या तरी खड्यासारख्या कोरड्या राहतात. त्या मेलेल्या नसतात, कवच पाणी आत जाऊ देत नाही एवढंच. नेलकटर घ्या, बीला जिथे डोळा असतो त्याच्या बरोबर विरुद्ध बाजूला कवचाचा अगदी बारीक टवका उडवा, आतला पांढरा भाग जेमतेम दिसला की थांबा. डोळ्याच्या बाजूला कापलं तर अंकुरच जाईल. मग रात्रभर पाण्यात. सकाळी फुगून दुप्पट झालेल्या पेरायच्या, न फुगलेल्यांना परत एक टवका. चौधारी घेवड्याला हे केलंत तर उगवण एकसारखी मिळते, नाहीतर आज दोन, पुढच्या आठवड्यात तीन अशी रोपं येत राहतात.

सातवी पायरी : चाचणी छोटी पण खरी करा

एक मोठा पट्टा लावू नका, बरेच छोटे वाफे लावा. 2 मीटर बाय 3 मीटरचा वाफा पुरतो. प्रत्येक वाणाचे तीन वाफे, ते शेतात विखरून, चिठ्ठ्या टाकून जागा ठरवा, नाहीतर नकळत आवडत्या वाणाला चांगली जमीन दिली जाते. आणि तुमच्याकडे नेहमी येणारं एखादं पीकही शेजारी अशाच वेगळ्या वाफ्यांत लावा, हे अजिबात टाळू नका. तुलनेला काही नसेल तर मिळालेला आकडा चांगला की वाईट हे कसं ठरवणार?

राजगिरा, टेफ (इथिओपियातलं बारीक धान्य), फोनिओ असं बारीक बी असेल तर बारीक कोरड्या वाळूत मिसळून पेरा आणि सेंटिमीटरभर खोलीपेक्षा खाली जाऊ देऊ नका, टेफ तर जवळपास वरच राहिलं तरी चालतं. ओळीतच पेरा. फेकून पेरलं की तण कुठलं आणि पीक कुठलं हे पहिले तीन आठवडे कळत नाही, राजगिऱ्यात तर रानटी भाऊबंद हुबेहूब तसेच दिसतात.

हिशोब सोपा आहे, दर चौरस मीटरला 1 ग्रॅम म्हणजे हेक्टरी 10 किलो. समजा 6 चौरस मीटरच्या वाफ्यातून 480 ग्रॅम साफ दाणा निघाला, म्हणजे चौरस मीटरला 80 ग्रॅम, म्हणजे हेक्टरी 800 किलो. कडेच्या झाडांना जागा आणि ऊन जास्त मिळतं त्यामुळे ती हा आकडा फुगवतात, कडेच्या ओळी सोडून आतल्याच मोजा आणि क्षेत्रही आतलंच धरा. तरीही मोठ्या शेतात उत्पादन याच्यापेक्षा कमीच येतं, एवढ्याशा वाफ्याची जेवढी निगा राखली जाते तेवढी हेक्टरभर कोणी राखत नाही.

वहीत वजनाइतकंच महत्त्वाचं अजून एक लिहा, ते म्हणजे माणसांचे तास. पेरणी, खुरपणी, कापणी, मळणी, सफाई, प्रत्येकाला किती लागले. एक किलो खाण्यायोग्य दाण्यामागे किती तास पडले हा आकडा माझ्या मते हेक्टरी उत्पादनापेक्षा जास्त खरं बोलतो, कारण फोनिओपासून चौधारी घेवड्यापर्यंत बहुतेक गाडी तिथेच अडलेली आहे.

आठवी पायरी : कापणी आणि वाळवण

या पिकांवर पैदासीचं काम कमी झालेलं असतं म्हणून दाणे झडतात आणि एकाच झाडावर पिकलेलं-कच्चं सोबत असतं. सगळं पिकायची वाट बघितलीत तर अर्धं जमिनीवर. राजगिऱ्याचं कणीस तळहातावर चोळून बघा, दाणे सहज सुटायला लागले की कापा आणि ताडपत्रीवर वाळवा.

दाणा साठवण्याइतका वाळलाय का हे मीटर नसताना बघायचं तर : काचेची कोरडी बरणी, त्यात भाजून कोरडं केलेलं मीठ आणि दाणे, झाकण लावून अधूनमधून हलवत दहा-पंधरा मिनिटं. मीठ काचेला चिकटलं तर दाणा ओला आहे, परत उन्हात. हे ढोबळ आहे, बियाण्यासाठी ठेवायचं असेल तर याच्याही पुढे वाळवावं लागतं.

नववी पायरी : स्वयंपाकघरातली परीक्षा

क्विनोआसाठी छोट्या पारदर्शक बाटलीत थोडे दाणे आणि पाणी घेऊन अर्धा मिनिट जोरात हलवा. फेस उठून तसाच टिकला तर सॅपोनिन आहे, चोळून धुवा आणि परत करून बघा, फेस नाममात्र राहीपर्यंत. कडू ल्युपिन शिजवून मग कित्येक दिवस पाणी बदलत भिजत ठेवावा लागतो, ते पाणी जनावरांना पाजू नका. चाया या मेक्सिकोकडच्या पालेभाजीची पानं कच्ची खायचीच नाहीत, त्यात सायनाइड सोडणारी द्रव्यं असतात, झाकण न लावता नीट उकळायची आणि ॲल्युमिनियमच्या भांड्यात नाही. लाखेचं ओडॅप भिजवून पाणी टाकल्याने कमी होतं, पण सगळं जात नाही, म्हणून रोजचं मुख्य अन्न म्हणून ती कधीच नको. आंबा गोड आहे का हे चाखून कळतं, ओडॅप चाखून कळत नाही, तेव्हा शंका असेल तर लॅबमधून तपासून घ्या.

बांबारासारखे टणक दाणे शिजायला इंधन खातात. रात्रभर भिजवून प्रेशर कुकरमध्ये, नाहीतर भाजून पीठ. शिजायला किती वेळ लागला तोही वहीत लिहा, घरच्या लोकांनी दुसऱ्यांदा आपणहून मागितलं का तेही.

दहावी पायरी : विकायचं ठरलं तर

आधी गिऱ्हाईक, मग क्षेत्र. क्विनोआचं उदाहरण सगळ्यांनी डोळ्यासमोर ठेवावं. 2013 हे आंतरराष्ट्रीय क्विनोआ वर्ष होतं, भाव चढत होते, आणि मग पेरूसह बऱ्याच देशांत लागवड वाढली, 2014 नंतर भाव धाडकन खाली आले, बोलिव्हियातल्या ज्या पठारी शेतकऱ्यांनी चराईची जमीन नांगरली होती त्यांना ते महागात पडलं. सुरुवातीचा चढा भाव हा पीक दुर्मिळ असण्याचा भाव असतो. तुमचा हिशोब त्याच्या निम्म्या भावाला बसत असेल तरच पुढे जा.

युरोपात पाठवायचं असेल तर नॉव्हेल फूडचा नियम बघा, 15 मे 1997 च्या आधी तिथे लक्षणीय प्रमाणात खाल्लं जात नसेल तर परवानगी लागते. बाओबाबच्या (गोरखचिंचेच्या) गराला ती 2008 मध्ये मिळाली, चियाला 2009 मध्ये. ही कागदपत्रं एकट्या शेतकऱ्याचं काम नाही, आधीच परवानगी असलेलं पीक निवडणं सोपं पडतं. खरेदीदाराला नमुना देताना मोठ्या लॉटमधून, पोत्याच्या वरून-मधून-खालून काढून द्या, निवडून-टिपून सुंदर केलेला देऊ नका, पहिल्याच ट्रकला माल परत येईल.

बियाण्याचं तेवढं सांगतो. टेफ, बांबारा ही स्वपरागी, वाण बऱ्यापैकी शुद्ध राहतं. राजगिऱ्यात आणि क्विनोआत काही प्रमाणात संकर होतो म्हणून आसपासची रानटी झाडं फुलायच्या आधी उपटा आणि बी मधल्या भागातून धरा. निवडलेल्या बियाण्यातला निदान तिसरा हिस्सा पेरू नका, नीट वाळवून हवाबंद डब्यात, थंड जागी, वाण आणि साल लिहून ठेवा. या पिकांचं बी बाजारात परत मिळत नाही, आणि हंगाम कधीतरी पूर्ण जातोच.